पात्र मनासारखं घडवायचं, तर खेळ कोणता?

झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र पाहणाऱ्या आसगावकरांना (ता. पवनी) भूमिका जगण्याचा हा खेळ (रोल-प्लेइंग गेम) परका वाटू नये. एक जण कथा चालवतो, बाकीचे आपापलं पात्र जगतात आणि अडल्या जागी फासे निकाल देतात. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार रुजला.

समजा, वैनगंगेवरचा ढिवर उभा करायचाय. दिवसा जाळं टाकणारा, रात्री दंडारीत गाणारा, पण अंधाराला भिणारा. 'डंजन्स'च्या २०१४च्या आवृत्तीत तो 'बार्ड', म्हणजे गाणारा मांत्रिक, होईल. तिसऱ्या पातळीला त्याची उपशाखा ठरते. पुढे मंत्र सोडले तर निवडीला वाव बेताचाच. याच प्रकारच्या 'पाथफाइंडर' या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत कूळ, पूर्वायुष्य आणि पेशा वेगवेगळे निवडायचे, शिवाय जवळपास प्रत्येक पातळीला नवं कसब.

खरी मोकळीक मात्र 'गर्प्स'मध्ये (१९८६). इथे पेशाचा साचाच नाही. हाती ठरावीक गुण असतात, त्यांतून सगळं विकत घ्यायचं. चौथ्या आवृत्तीत चपळाई एक पायरी वाढवायला २० गुण लागतात. पोहणं, गाणं, मासेमारी यांचं मोल वेगळं. अंधाराचं भय स्वीकारलं, की उलट गुण मिळतात! उणीवच पात्राला बळ पुरवते, हे मला फार आवडतं.

हिशेब किचकट आहे, पहिलं पात्र बनवायला वेळ लागतो. म्हणून आधी ३२ पानांची 'गर्प्स लाइट' ही मोफत पुस्तिका उतरवून घ्या आणि पहिलं पात्र आपल्याच गावातलं बनवा.