पीआरचा अर्ज: कधी करावा, कधी टाळावा
(परदेशी नोकरीचे कागदपत्र: लेखांक आठवा)

कायमस्वरूपी निवासाचा परवाना, नोकरदारांच्या तोंडी ‘पीआर’, हा नागरिकत्वाच्या एक पायरी अलीकडचा हक्क आहे. तो हातात असला की त्या देशात कंपनी बदलता येते, नोकरी सुटली तरी बाडबिस्तरा गुंडाळावा लागत नाही, स्वतःचा धंदा काढता येतो. पासपोर्ट मात्र भारताचाच राहतो. नांदेड-लातूरकडच्या घरांत ही बातमी ‘पोरगा आता तिकडचाच झाला’ अशी पोचते आणि तिथून गैरसमजांना सुरुवात होते. घरच्यांना ज्या गोष्टींची धास्ती असते त्यांतल्या बहुतेक पीआरमुळे होत नाहीत. काही देश सोडला त्याच दिवशी झालेल्या असतात, तर काही परदेशी नागरिकत्व घेतल्यावरच होतात.

पहिली धास्ती शेताची. ‘फेमा’ या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांनी बक्षीसपत्र करून दिली तरी ती घेता येत नाही. वारशाने आलेली घेता येते. ही अट अमेरिकेच्या ग्रीन कार्डवाल्याला (तिथल्या पीआरधारकाला) जशी लागू आहे तशीच सौदीत इकाम्यावर, म्हणजे नोकरीपुरत्या निवास परवान्यावर, गाडी चालवणाऱ्यालाही, कारण नोकरीसाठी देशाबाहेर गेलेला माणूस या कायद्याच्या लेखी अनिवासीच. देश सोडण्याआधी जी जमीन त्याच्या नावावर होती ती तशीच राहते, सातबाऱ्यावरचे नाव कोणी खोडत नाही. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा. तेव्हा औसा किंवा मुखेड तालुक्यातल्या बापाला चार एकर मुलाच्या नावावर करायचे असतील, तर मुलाला पीआर मिळाला की नाही हे विचारून उपयोग नाही. विचार व्हायचा होता तो मुलगा जाण्याआधी.

मग पीआरने नेमके बदलते काय? मुख्यतः एकच: पीआर देणाऱ्या देशाबाहेर किती काळ राहता येईल यावर बंधन येते. नोकरीचा व्हिसा संपला की संपला. पीआर मात्र सांभाळावा लागतो, आणि तो तिथे राहूनच सांभाळता येतो. कॅनडात दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस मुक्काम लागतो. ग्रीन कार्डवाला परतीचा परवाना न घेता वर्षाहून जास्त बाहेर राहिला तर त्याने तिथले घर सोडले असे धरले जाते. ब्रिटनमधला असाच परवाना सलग दोन वर्षे बाहेर राहिल्यावर संपतो. ‘कार्ड खिशात ठेवून लातूरला दवाखाना काढू आणि सहा महिन्यांनी एक चक्कर मारून येऊ’ हा बेत पुष्कळांनी आखलेला असतो, पण विमानतळावरचा अधिकारी मुक्काम कुठे आहे ते पाहतो, चकरा मोजत नाही.

अमेरिकेचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे अर्ज आणि कार्ड यांच्यामध्ये अर्धे आयुष्य जाते. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे निघतात, तीही बायकामुले धरून, आणि एका देशाच्या वाट्याला सुमारे ७ टक्के. १९९० च्या कायद्यातली ही चौकट अजून तशीच आहे. भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की २०२५ मध्ये ईबी-२ या वर्गात २०१२-१३ साली नंबर लावलेल्यांची पाळी येत होती. हे ऐकून ‘मग अर्ज करायचाच कशाला’ असे म्हणणारे हिशेबात चुकतात. रांगेतला क्रमांक ठरतो तो कंपनीने कामगार खात्याकडे ‘पर्म’ अर्ज दाखल केला त्या तारखेवरून, आणि पर्मचा खर्च कायद्यानेच कंपनीवर आहे. पुढे कंपनीचा आय-१४० हा स्थलांतराचा अर्ज मंजूर झाला की कंपनी बदलली तरी ती तारीख बहुधा टिकते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची एरवीची कमाल मुदत सहा वर्षांची. आय-१४० मंजूर असेल आणि रांग हलत नसेल, तर २००० सालच्या कायद्यानुसार हा व्हिसा तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. २०१५ पासून अशा नोकरदाराच्या पतीला किंवा पत्नीला कामाचा परवानाही मागता येतो. नांदेडच्या गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या बिडवे महाविद्यालयातून शिकून गेलेल्या मुलीने लग्नानंतर घरी बसायचे की नोकरी करायची, हे कधी कधी नवऱ्याच्या आय-१४० वर अवलंबून असते. अमेरिकेत अर्ज करणे म्हणजे तिथे राहायचे ठरवणे नव्हे; नंबर लावून ठेवायला हरकत नसावी, आणि तो नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच लावावा.

या रांगेत खरे घड्याळ मुलांचे असते. भारतात जन्मलेले मूल आईवडिलांच्या व्हिसावर २१ वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते. त्या वयात कार्ड आलेले नसेल तर त्याला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो. मूल दहा-बारा वर्षांचे असताना नंबर लावणाऱ्याने हे गणित आधीच मांडलेले बरे.

कॅनडात उलटे आहे. जानेवारी २०१५ पासूनच्या एक्सप्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या पद्धतीत तिथली नोकरी नसतानाही उदगीर किंवा देगलूरला बसून अर्ज करता येतो, पण वयाचे गुण २० ते २९ या वयातच पूर्ण मिळतात. तिशीपासून दर वाढदिवसाला ते कमी होतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. तिथे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणण्याची किंमत गुणांत मोजली जाते. जर्मनीत ब्लू कार्ड हा नोकरीचा परवाना असलेल्याला बी-१ पातळीची भाषा येत असेल तर २१ महिन्यांत, नुसती ए-१ असेल तर २७ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांबाबत करार केल्यापासून परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालकांनाही तो देश जवळचा वाटू लागला आहे. त्यांच्यासाठी पीआरचा निर्णय बराचसा भाषेच्या वर्गातच होतो.

आखातात हा प्रश्न बहुतेकांपुढे येतच नाही. इकामा नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की परत. सौदीने २०१९ मध्ये कायम निवासाची योजना आणली, पण तिची किंमत ८ लाख रियाल. गवंडी किंवा ड्रायव्हर म्हणून गेलेल्याच्या कामाची ती नव्हे.

अर्ज अडतो तो पुष्कळदा गावच्या कागदाशी. ग्रीन कार्डासाठी जन्मनोंद लागते, आणि खेड्यात घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद ग्रामपंचायतीत असतेच असे नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात दुसरीच, आणि त्या रजिस्टरात बाळाचे नावच नाही, नुसते ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’, असे तीन घोळ एकाच माणसाच्या कागदांत सापडतात. नोंद नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, शाळेची टीसी आणि जन्म माहीत असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे चालतात. ती देणारी आजी किंवा आत्या हयात असतानाच हे काम उरकलेले बरे. वकील हे सांगेलच असे नाही. कॅनडासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांची ट्रान्स्क्रिप्ट लागते. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतले बरेच पदवीधर त्यासाठी विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात जातात. ते १९९४ साली सुरू झाले, त्यामुळे त्याआधीच्या पदव्यांसाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते.

‘आईवडिलांना नेता येईल’ हे कारण अर्जाच्या बाजूने हमखास दिले जाते. अमेरिकेपुरते ते कच्चे आहे. ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, त्याला नागरिक व्हावे लागते, आणि त्यासाठी कार्डानंतर साधारण पाच वर्षे. कॅनडात सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण त्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो. सत्तरीच्या मधुमेही वडिलांचा विमा काय पडतो ते अर्जाआधी विचारून घ्यावे.

लातूरकडे परत येऊ पाहणाऱ्या कुटुंबाचा सर्वांत अवघड हिशेब मुलांच्या प्रवेशाचा आहे. अमेरिकेत जन्मून तिथले नागरिक झालेले मूल अकरावी-बारावीला ‘लातूर पॅटर्न’मध्ये घालायचे, नीट देऊन डॉक्टर करायचे, असा विचार काही पालक करतात. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) कार्डधारक मुलांना एनआरआय जागांवरच प्रवेश मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ज्यांचे ओसीआय कार्ड ४ मार्च २०२१ च्या आधीचे आहे त्यांना यातून मोकळे केले, नंतरच्यांना नाही. अशा मुलाला ओसीआयच्या वाटेने भारतीय नागरिक व्हायचे तर सज्ञान व्हावे लागते, ओसीआयची पाच वर्षे आणि अर्जाआधीचे एक वर्ष भारतात राहणे लागते, तोवर बारावीनंतरच्या नीटची वेळ निघून जाते. याउलट भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाकडे ग्रीन कार्ड असले तरी ते भारतीयच राहते, आणि महाराष्ट्राच्या अधिवासाच्या व दहावी-बारावी इथे करण्याच्या अटी पाळल्या तर राज्याच्या जागांचा रस्ता उघडा असतो. त्यामुळे परतण्याची शक्यता ठेवणाऱ्या कुटुंबाने पीआरवर थांबावे आणि नागरिकत्वाचा अर्ज मुलांच्या बारावीनंतरच करावा, हे शहाणपणाचे.

एक जोखीम पैशाची. ग्रीन कार्डवाल्याचे जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या करात मोजले जाते, आणि परत येऊन नांदेडला राहू लागला तरी कार्ड रीतसर सोडेपर्यंत हे चालूच राहते. वडिलांच्या बँकखात्यात ‘दोघांपैकी कोणीही’ म्हणून मुलाचे नाव घातलेले असेल, तर तेही त्याच्या हिशेबात येते: सर्व परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली की ती अमेरिकेला कळवावी लागते. सोयाबीनची पट्टी त्या खात्यात जमा झाली आणि जुन्या ठेवीही तिथेच असल्या तर हा आकडा सहज ओलांडला जातो.

परतायचे नक्की झाले तर कार्ड मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवू नये. अमेरिकेत त्यासाठी आय-४०७ हा अर्ज आहे, कॅनडातही स्वेच्छेने पीआर सोडण्याची सोय आहे. शेवटच्या १५ वर्षांपैकी किमान ८ वर्षांत कार्ड असलेल्याने अमेरिकेचे सोडण्याआधी करसल्लागार गाठावा, कारण मालमत्ता मोठी असेल तर निर्गमनाचा कर लागू शकतो. कार्ड सोडल्यावर पुढे नातवंडांना भेटायला जायचे असेल तर पर्यटक व्हिसा मागता येतो, आणि तेव्हा आय-४०७ ची पोच जवळ असलेली कामी येते.