उन्हाळा काढणारी झाडं

मस्कतमध्ये गुब्र्याला ज्या भाड्याच्या घरात आम्ही राहिलो, तिथली बाग यंदा गेली. नव्या मालकाला गाड्या लावायला जागा हवी होती. मोगरा, बोगनवेल, गावठी गुलाब सगळं उपटून त्याने इंटरलॉकच्या फरश्या बसवल्या. रस्त्याच्या कडेला मात्र पेटुनिया फुललेल्या. बलदिया, म्हणजे नगरपालिका, त्या दर हिवाळ्यात लावते आणि ऊन तापलं की काढून टाकते. दिसतात छान, पण मला त्यांचा राग येतो. मस्कतमधल्या बागेची परीक्षा जूनमध्ये असते आणि पेटुनिया तिला कधी बसतच नाहीत.

नव्वदच्या दशकाविषयी फार सांगण्यासारखं नाही. रुवीचा फ्लॅट, गॅलरीत तेलाच्या डब्यात तुळस आणि कढीपत्ता. ‘दोन वर्षांत परत जायचंय, झाडं कसली लावता?’ असं ऐकवणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांतले कित्येक वीस-वीस वर्षं राहिले आणि एकही रोप न लावता गेले.

मन रेंगाळतं ते 2001 ते 2010 या काळात. गुब्र्याच्या त्या घरात अंगण मिळालं, पण त्यात सगळी खडी आणि वाळू. बरक्याहून मातीचा ट्रक आणला, शेणखत मिसळलं. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात. मे संपला की खत बंद, कात्री बंद, झाड फक्त जगवायचं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की मुळं भाजतात. म्हणून रात्री बादल्या भरून ठेवायच्या आणि पहाटे घालायच्या. बुंध्याशी खजुराच्या झावळ्या.

शेजारच्या इंग्रज बाई दरवर्षी ओरिएंटल पॉपीचं बी मागवत. खसखशीच्या कुळातलं हे बहुवर्षायू झाड तुर्कस्तान-इराणच्या थंड डोंगरांतलं. फुलून झालं की पानं वाळतात, मुळं जमिनीत विसावतात आणि थंडीचा कडाका मिळाला तरच झाड पुढच्या वसंतात पुन्हा जोमाने फुलतं. मस्कतची जानेवारीतली रात्रही सतरा-अठरा अंशांची. रोपं फेब्रुवारीपर्यंत हिरवी राहत आणि एकही कळी न देता उन्हाळ्यात संपत. बाईंच्या जिद्दीबद्दल मला आदर होता. पण जे तगतं ते आधी सांभाळावं, हे माझं मत तेव्हाही होतं.

पॉपीला हवी ती थंडी अडीच तासांवर होती, जबल अख्दर डोंगरावर. सैकचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटर उंच. अल अक्र, अल ऐन, शुरैजा या गावांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत दमास्क गुलाब पिढ्यान् पिढ्या उभा आहे. मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत बहर. फुलं पहाटे खुडायची, मातीच्या भट्टीवर अर्क काढायचा. त्या गुलाबपाण्याला धुराचा वास असे, आणि तोच मला हवा असे. फलजच्या, म्हणजे पाटाच्या, पाण्याची पाळी घराघरांत ठरलेली. आजोबांनी लावलेलं झुडूप नातू छाटतो, हे मी तिथे पाहिलं.

6 जून 2007 ला गोनू चक्रीवादळ आलं. मस्कतच्या कुरुम भागात गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. समुद्राचं पाणी गोडं करणारी केंद्रं बंद पडली आणि ऐन जूनमध्ये नळ कोरडे. भांडी धुतलेलं पाणी आम्ही गुलाबाला घालत होतो. तो गुलाब जगला. तोच यंदा उपटला गेला.

पुढची वर्षं भराभर गेली. जून 2018 मध्ये मस्कतजवळच्या कुरय्यात गावातला पारा चोवीस तासांत 42.6 अंशांखाली उतरलाच नाही. 2020 मध्ये ओळखीची कितीतरी कुटुंबं सामान बांधून निघाली, कुंड्या जिन्याखाली ठेवून. जबलवर आता गॅसवर तापणारी स्टीलची भांडी आली. गुलाबपाणी नितळ झालं, धुराचा वास गेला. काम हलकं झालं हे खरं, पण तो वास मी अजून शोधते.

मस्कतला नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. भाडेकरार कितीही छोटा असो, पहिल्या ऑक्टोबरात एक गावठी गुलाब किंवा मोगरा मातीत लावा. आणि घर सोडताना चावीबरोबर त्याच्या पाण्याची वेळही पुढच्या भाडेकरूला लिहून द्या.