सिस्टर एवढं का विचारते?

शुक्रवारी ऑफिस सुटलं की कोकणकन्या पकडायची, पहाटे रत्नागिरी! सॅकमध्ये आईसाठी काय काय? साडी, मिठाईचा बॉक्स आणि गुडघ्यांसाठी पेनकिलरची स्ट्रिप. तुमच्याच ड्रॉवरमधली, पाठदुखीवरची. आई एकदम खूश. ‘तुझी ती गोळी बरी लागू पडली हो!’

पण आई बीपीचीही गोळी घेते ना?

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं ती शरीरात बनू देत नाहीत, म्हणून आराम पडतो. गोची अशी, की हीच रसायनं पोटाचं अस्तर जपतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर, असं त्रिकूट जमलं तर किडनी अचानक संपावर जाऊ शकते. त्यात उलट्या-जुलाब झाले असतील तर टेन्शन आणखी वाढतं.

म्हणून तर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आलेली सिस्टर आधी उलटतपासणी घेते. दमा आहे? अल्सर? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? घरून काही घेऊन आलात? आपण वैतागतो, ‘अहो, इथं जीव चाललाय, द्या ना पटकन!’ पण तिचा तो शेवटचा प्रश्न फार मोलाचा. डायक्लोफिनॅकची मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा १५० मिलिग्रॅम. इंजेक्शन असतं ७५चं. सकाळपासून ५०च्या दोन गोळ्या पोटात गेल्या असतील, तर गणित तुम्हीच करा.

पावसाळ्यात तर जास्तच जपायला हवं. भातलावणीच्या दिवसांत कोकणात नुसता ‘ताप’ म्हणून आलेला पेशंट लेप्टोचा निघू शकतो, डेंग्यूचाही. लेप्टो किडनीला धरतो, डेंग्यूत रक्तस्रावाची भीती. दोन्हींत या गोळ्या आगीत तेल ओततात. निदान होईपर्यंत साधी पॅरासिटामॉल बरी, तीही मोजून. (कॉम्बिफ्लाम म्हणजे पॅरासिटामॉल नव्हे, त्यात आयबुप्रोफेनही असतं.) आणि छोट्या भाच्याला तापात निमेसुलाइड देऊ नका. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे.

या खेपेला आईच्या सगळ्या गोळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सिस्टरनं विचारलं की दाखवता येतील. आणि सॅकमधली ती स्ट्रिप? ती आधी तिच्या डॉक्टरांना दाखवा.