नाशिकचीं पांच अक्षरें

नाशिक हें नांव पूर्वी इंग्रजींत एन्, ए, एस्, आय्, के या पांच अक्षरांनीं लिहीत. या अक्षरांतून कोणते इंग्रजी शब्द निघतात, हें केवळ अंदाजानें पाहूं गेल्यास तीन ते पांच अक्षरांच्या ३०० मांडण्या तपासाव्या लागतात. अशा मांडण्या मोजण्याचें गणित भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'लीलावती'त 'अंकपाश' या प्रकरणांत दिलें आहे. परंतु संख्या कळल्यानें शब्द हातीं येत नाहींत. शब्दकोशहि अपुरा पडतो. तो पहिल्या अक्षराच्या क्रमानें रचलेला, आणि येथें पहिलें अक्षरच अज्ञात!

यावर उपाय सोपा आहे. शब्दाचीं अक्षरें वर्णक्रमानें लावून त्या किल्लीखालीं तो शब्द वहींत नोंदवावा. 'स्किन' म्हणजे त्वचा व 'सिंक' म्हणजे बुडणें; दोहोंची किल्ली एकच : आय्, के, एन्, एस्. अशी वही सिद्ध झाली, कीं ३०० मांडण्यांऐवजीं अवघ्या १६ किल्ल्या पाहाव्या लागतात. नाशिकच्या आजच्या लेखनांत एच् हें अक्षर वाढलें आहे. त्यामुळें 'शँक', म्हणजे नडगी, हा शब्दहि लाभतो. घरांतील मुलांनीं ही वही स्वतः भरल्यास कोडें तर सुटेलच, शिवाय घोकंपट्टीवांचून इंग्रजी शुद्धलेखनहि पक्कें होईल.