कामवारीचे पाणी आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य

भिवंडीतून वाहणारी कामवारी नदी उल्हास नदीच्या खाडीस मिळते व ही खाडी वसईपाशी अरबी समुद्रास जाऊन भिडते. या पाण्याबरोबर गाळ वाहतो, तसेच विरघळलेले सेंद्रिय द्रव्यही वाहते. सामान्यतः ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते, त्यास ही संज्ञा लावतात. व्याख्या सोयीची आहे. कारण अतिसूक्ष्म कलिल कणही तीत समाविष्ट होतात.

जगातील नद्या या रूपाने दरवर्षी सुमारे २५ कोटी टन कार्बन समुद्रास देतात. परंतु एखाद्या खाडीचा विचार करताना केवळ कार्बनाचे एकूण प्रमाण पुरेसे नाही. तो कोणत्या स्वरूपात आहे, हे पाहिले पाहिजे.

पावसाळ्यात कुजलेला पाला व भातखाचरांची माती यांतून ह्यूमिक द्रव्ये येतात. त्यांची रचना जटिल असल्याने जीवाणू त्यांचे विघटन सावकाश करतात. खारे पाणी मिसळताच त्यांचा काही अंश लोहासह साकळून तळाशी बसतो.

याउलट सांडपाण्यातील पुष्कळसे द्रव्य जीवाणूंना सुपाच्य असते. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असल्याने येथे खळीचे उदाहरण घेणे उचित होय. ताण्यास लावलेली स्टार्चची खळ कापडावरून धुऊन काढली असता पाण्यात उतरते. १ मिलिग्रॅम स्टार्चच्या पूर्ण ऑक्सिडीकरणास सुमारे १.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३०° सेल्सिअस तापमानास १ लिटर गोड्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम ७.५ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे हवेतून भर न पडल्यास लिटरमागे सहा-साडेसहा मिलिग्रॅम स्टार्च तो सर्व संपवील. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की मासळीवर संकट येते ते यामुळेच. तेवढाच कार्बन ह्यूमिक रूपात असता, तर अल्पावधीत हा परिणाम जाणवला नसता.

पाण्याच्या रंगावरूनही निर्णय करता येत नाही. कारण रंगाईतील द्रव्येही प्रकाश शोषतात. म्हणून एकूण कार्बन, जंबुपार शोषण आणि २७° सेल्सिअसला ३ दिवसांची जैव ऑक्सिजन-मागणी ही तिन्ही एकाच नमुन्यावर मोजावीत. खाडीत लवणता व कार्बन यांचा आलेख काढावा. तो सरळ रेषेत असेल, तर केवळ मिश्रण घडले. रेषेखाली झुकल्यास द्रव्य नष्ट झाले, वर गेल्यास वाटेत भर पडली. मात्र नदी व समुद्र या दोन्ही टोकांचे प्रमाण त्या काळात स्थिर असले, तरच हा निष्कर्ष ग्राह्य ठरतो.