परिचयापूर्वींची भीति

एखाद्या तरुणीशीं ओळख करून घ्यावी अशी इच्छा आहे, बोलण्यास उचित प्रसंगही आहे, आणि तरीही तोंडून शब्द फुटत नाहीं, हा अनुभव पुष्कळ तरुणांस येतो. काय बोलावें, तिला काय वाटेल, नकार मिळाला तर लोक काय म्हणतील, असे तर्कवितर्क चालू असतांनाच प्रसंग निघून जातो. मग आपण जन्मतःच भित्रे आहों, असा निष्कर्ष हा तरुण काढतो. वस्तुतः येथें उणीव धैर्याची नसते. लक्ष भलत्याच ठिकाणीं गुंतलेलें असतें.

या भीतीचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचें आहे. तरुणपणीं ते स्त्रियांशीं बोलण्यास अत्यंत भीत असत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागांतील वनस्पति-उद्यानांत ते जात, बाकावर बसलेल्या तरुणींकडे दुरून पाहत, आणि कांहीं तरी सबब काढून परत फिरत. अखेर १९३३ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांनीं स्वतःस एक नियम घालून घेतला. महिनाभर उद्यानांत जावयाचें, एकटी बसलेली स्त्री दिसली कीं त्याच बाकावर बसावयाचें, आणि एका मिनिटाच्या आंत बोलण्यास आरंभ करावयाचा. तर्कवितर्कांस मिनिटाहून अधिक अवधि द्यावयाचा नाहीं, ही त्या नियमांतील खरी मेख होती.

त्यांनीं पुढें सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें ते १३० स्त्रियांजवळ बसले. ३० जणी तत्काळ उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशीं त्यांचें बोलणें झालें. एकीनें पुन्हां भेटण्याचें कबूल केलें. पण ती आलीच नाहीं. हिशेबानें पाहतां हें संपूर्ण अपयश होय. परंतु ज्या आपत्तींच्या कल्पनेनें ते इतके दिवस भ्याले होते, त्यांपैकीं एकही आली नाहीं. त्यांची भीति कमी झाली ती अपयश सोसतां येतें, या प्रतीतीमुळें.

१९५५ च्या सुमारास एलिस यांनीं जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति मांडली, आणि जी मुंबईच्या कि. मो. फडके यांनीं मराठी वाचकांस परिचित करून दिली, तिचें सार असेंच आहे. मनुष्यास दुःख होतें तें केवळ घटनेमुळें नव्हे, तर घटनेविषयीं त्यानें बाळगलेल्या मतामुळें. ‘तिनें नकार दिला’ ही घटना झाली. ‘म्हणून मी कवडीमोलाचा’ हें मत झालें. पहिलें वाक्य खरें असलें, तरी दुसरें त्यांतून निघत नाहीं.

सर्वांचे डोळे आपल्यावरच खिळले आहेत, ही समजूतही अशीच अतिशयोक्तीची असते. टॉमस गिलोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेला कॉर्नेल विद्यापीठांतील प्रयोग या बाबतींत उद्बोधक आहे. एका गायकाचें चित्र असलेला, घालावयास संकोच वाटेल असा सदरा घालून विद्यार्थ्यांस इतरांनीं भरलेल्या खोलींत पाठविण्यांत आलें. तेथील निम्म्या मंडळींनीं तें चित्र ओळखलें असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत तें सुमारे चौथ्या हिश्श्यानेंच ओळखलें.

डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनीं १९९५ सालीं या भीतीची घडण विशद केली. भ्यालेल्या मनुष्याचें लक्ष समोरच्या व्यक्तीकडून निघून स्वतःकडे वळतें. आवाज कांपतो आहे काय, चेहरा लाल झाला आहे काय, याचीच तो टेहळणी करीत राहतो. पुढचें वाक्य मनांत घोटीत असल्यामुळें समोरचीचें बोलणें त्याच्या कानांपर्यंत पोहोंचत नाहीं. तिला तो तुटक किंवा आढ्यताखोर वाटण्याचा संभव असतो. आणि जें टाळण्यासाठीं एवढी दक्षता घेतली, तेंच पदरीं पडतें.

तेव्हां यावर उपाय अधिक विचार हा नव्हे. ती काय सांगते आहे, तें कुतूहलानें ऐकावें. उत्तर त्यांतूनच सुचतें. सराव लहान गोष्टींपासून व्हावा. ग्रंथालय, महाविद्यालय, नाट्यमंडळ अशा ठिकाणीं, जेथें बोलण्यास सहज कारण असतें, तेथें दोन साधीं वाक्यें बोलावीं, आणि तेवढ्यावर समाधान मानावें.

एलिस यांचा प्रयोग जसाच्या तसा गिरविणें मात्र योग्य नव्हे. एकट्या स्त्रीस अनोळखी पुरुष जवळ येऊन बसल्यानें भय वाटणें साहजिक आहे. त्या ३० जणींचें उठून जाणें हेंही उत्तरच होतें. उत्तर शब्दांनीं येवो, मौनानें येवो वा पाठ फिरविण्यानें येवो, तें तत्काळ मान्य करावें. पाठलाग किंवा आग्रह करूं नये. तिला स्वतःची आवड आहे, स्वतःचीं कारणें आहेत, आणि तीं सांगण्यास ती बांधलेली नाहीं. एवढें ज्यास उमगलें, त्यास नकारानें वाईट वाटेल खरें. पण स्वतःची किंमत ठरविण्याचें काम तो तिच्यावर सोंपविणार नाहीं, आणि पुढच्या वेळीं बोलतांना त्याचें लक्ष मोकळें राहील.