चेनचा ट्रॅक्टर : ना दुचाकी, ना चारचाकी

लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतली सरकारी क्वार्टरांची वसाहत. जवळच आयएनए बाजार, पलीकडे सरोजिनी नगर. इथे एखाद्या हौशी बाबूने दारात जुनी फियाट किंवा लँब्रेटा जपून ठेवली, तर शेजारीपाजारी कौतुकच करतील. पण त्याने तीन टनांचा, लोखंडी चेनवर चालणारा ट्रॅक्टर आणून उभा केला तर? वसाहतीच्या चौकीदारापासून आरटीओच्या कारकुनापर्यंत कुणालाच त्याचं काय करायचं ते सुचणार नाही.

यात अतिशयोक्ती नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेलं, मूळ रूपात राखलेलं वाहन. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर दिल्लीत गंडांतर आलेलं असताना हौशी मंडळींना हा मोठाच दिलासा होता. मात्र नियमात विंटेज म्हणजे दुचाकी आणि चारचाकी. चेनच्या ट्रॅक्टरला जमिनीला टेकणारं चाकच नसतं. दिल्लीत ‘द स्टेट्समन’ची जुन्या गाड्यांची रॅली 1964 पासून भरते, राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस बघायला झुंबड उडते. ज्या यंत्राने या देशाची पडीक जमीन उलथली, त्याला मात्र मिरवणुकीत जागा नाही आणि नियमातही नाही. मला हे उफराटं वाटतं. कारण चेनच्या ट्रॅक्टरांची मोठी मोहीम याच दिल्लीतून हलली होती.

ती मोहीम होती एका गवताविरुद्ध. शरदात पांढरे तुरे काढून डोलणारं कांस चित्रात शोभून दिसतं, पण काळ्या जमिनीत त्याच्या मुळांचं जाळं इतकं खोल आणि चिवट पसरतं की बैलाचा नांगर त्याला नुसता ओरखडा काढतो. वसाहतीला जिचं नाव आहे त्या राणीच्या झाशीत, सगळ्या बुंदेलखंडात, एकोणिसाव्या शतकातच कांसाने शेतं गिळली होती. शेतकरी गाव सोडून जात आणि सारा बुडाला म्हणून इंग्रज अधिकारी कागदोपत्री हळहळत. आपल्याकडे कृष्णाकाठी कुंदा आणि हरळी यांनी असाच छळ मांडला होता. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला मागणी आली त्यामागे जमिनीचं हे दुखणंही होतं.

फाळणीनंतर धान्याची टंचाई उभी राहिली आणि सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली. सुरुवातीचं भांडवल म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे टाकलेले, दोनशेच्या आसपास जुने ट्रॅक्टर. म्हणजे स्वतंत्र भारतातली ही मोहीम जुन्या यंत्रांच्या डागडुजीपासूनच सुरू झाली. पुढे 29 सप्टेंबर 1949 रोजी जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. भारताला या बँकेकडून मिळालेलं हे दुसरं कर्ज. पहिलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेल्वेसाठी मिळालं होतं. ही बँक ज्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत 1944 मध्ये जन्मली, तिथल्या भारतीय शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते. कर्जातून अवजड नवे ट्रॅक्टर आले. तेव्हाच्या भोपाळ, मध्य प्रदेश, विंध्य प्रदेश या राज्यांतल्या कांसाच्या रानांत ऐन उन्हाळ्यात फूटभर खोल नांगरट व्हायची. मुळं वर यायची आणि मे महिन्याचं ऊन उरलेलं काम करायचं.

यंत्रं आली, पण ती हाकणारे हात कुठून आणायचे? त्यासाठी 1955 मध्ये नर्मदाकाठी बुधनीला ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघालं. ते आजही चालू आहे आणि ट्रॅक्टरांच्या चाचण्यांसाठी देशभर ओळखलं जातं. केंद्र सरकारात तेव्हा शेतीचं खातं सांभाळत होते विदर्भाचे पंजाबराव देशमुख. त्यांच्या भारत कृषक समाजाने 1959च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, तेव्हा अमेरिकेच्या दालनाचं उद्घाटन करायला खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या वेशीवर फरिदाबादेत आयशरचा देशी ट्रॅक्टर तयार झाला. चाकांच्या ट्रॅक्टरचं युग सुरू झालं आणि चेनवाला शेतातून हटून धरणांच्या आणि रस्त्यांच्या कामावर गेला. तिथे लोक त्याला डोझर म्हणू लागले.

मोहिमेवरचे ट्रॅक्टर हत्तीच्या जातीचे. हौशी माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्याने लहान चणीचं यंत्र शोधावं. इंग्लंडच्या रॅन्सम्सचा एमजी हा त्यातला सर्वांत छोटा. 1936 ते 1966 या काळात तो बनत होता. 600 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, वजन जेमतेम सहाशे-साडेसहाशे किलो. द्राक्षमळ्याच्या ओळींतून सहज जाणारा. त्याहून दणकट म्हणजे कॅटरपिलरचा डी-2, 1938 ते 1957 या काळातला. त्याची चार सिलिंडरची डिझेल मोटर सुरू करायला शेजारी दोन सिलिंडरची छोटी पेट्रोल मोटर असते. तिला पोनी म्हणतात.

पोनीचं काम बघण्यासारखं असतं. आधी ती हाताने फिरवून चालू करायची. तिचं आणि मोठ्या इंजिनाचं पाणी एकच, त्यामुळे ती तापली की मोठं इंजिनही कोमट होतं. तिचा धूर मोठ्याच्या हवेच्या वाटेला ऊब देतो. मग कॉम्प्रेशन सोडून ठेवायचं, पोनीचा क्लच जोडायचा आणि डिझेल इंजिन नुसतं फिरू द्यायचं. ऑइलचा काटा वर चढला की कॉम्प्रेशन लावायचं, डिझेल उघडायचं. सायलेन्सरमधून पांढरा, मग काळा धूर, आणि ठोके एका लयीत पडू लागतात. यात घाई केली तर बिघाड ठरलेला. बटण दाबून गाडी सुरू करणाऱ्या आपल्या पिढीला इथे पाच-दहा मिनिटांचा धीर शिकावा लागतो.

वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेलं यंत्र हाती आलं, तर इंजिनाआधी स्टिअरिंगचे क्लच तपासावेत. या ट्रॅक्टरला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन लिव्हर असतात. डावा ओढला की डाव्या चेनची ताकद तुटते आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. या क्लचच्या पट्ट्या पावसाने गंजून एकमेकींना चिकटतात. मग लिव्हर ओढून बांधून ठेवणं, रॉकेल-डिझेल मुरवणं, हळूहळू धक्के देणं. आणि तरीही नाहीच सुटलं तर सगळं खोलणं आलं.

दुसरं दुखणं चेनचं. तिच्या पिना आणि बूश एकाच बाजूने झिजतात, चेन लांबते, स्प्रॉकेटचे दात सुरीसारखे टोकदार होतात. अशी चेन भंगारात घालायची गरज नसते. मोठ्या प्रेसवर पिना आणि बूश काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवले की न झिजलेली बाजू कामाला येते. पोकलेनच्या चेन दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांत हे काम रोज चालतं. दिल्लीकरांना मायापुरीचा भंगार बाजार आणि काश्मिरी गेटची स्पेअर पार्टची गल्लीही हाताशी आहे. माहितगार मिस्त्री जुळणारी बेअरिंग आणि सील तिथून हुडकून आणतो. मला तर वाटतं, परदेशातल्या हौशीपेक्षा आपल्याकडच्या हौशीचं काम सोपं आहे. आपल्याकडे अजून दुरुस्त करणारे हात शिल्लक आहेत.

चालवताना वेगाची अपेक्षा नको. डी-2 फार तर ताशी आठ किलोमीटर जातो. डांबरी रस्त्यावर त्याला उतरवू नये, चेनच्या शूजचे दात रस्ता उखडतात. न्यायचा तर ट्रेलरवरून. आणि एक खोड नव्याने शिकणाऱ्याने आधी ऐकावी. उतारावर डावा लिव्हर ओढला आणि ब्रेक दाबला नाही, तर सुटी झालेली डावी चेन इंजिनाच्या लगामातून मोकळी होऊन जास्त वेगाने धावते आणि ट्रॅक्टर चक्क उजवीकडे वळतो. बांधावर किंवा कड्यालगत ही चूक जिवावर बेतते. म्हणून उतारावर लिव्हर आणि ब्रेक जोडीनेच.

महाराष्ट्रात अशी यंत्रं कुठे असतील? जुन्या साखर कारखान्यांच्या यार्डात, धरणांच्या ओसाड वसाहतींत, पाटबंधारे खात्याच्या कार्यशाळांच्या कुंपणाशी. त्यांचा लिलाव किलोच्या भावाने होतो. तुमच्या गावाकडे असा एखादा गवतात रुतलेला दिसला, तर आधी त्याच्या सायलेन्सरवर एक डबा पालथा घाला, म्हणजे निदान यंदाचं पाणी इंजिनात उतरणार नाही. मग पाटीवरचा नंबर उतरवून घ्या. डी-2 असेल तर नंबराच्या सुरुवातीला 3जे, 5जे, 4यू किंवा 5यू असं असेल, त्यावरून मालिका आणि चेनमधलं अंतर कळतं. फोटो काढा, मालकाला भेटा, आणि भंगारवाल्याने दिलेल्या भावापेक्षा हजार रुपये जास्त सांगा.